शून्याखालची दांडी

पार्ल्याच्या घरात जिथे आजीचं शिवणयंत्र असायचं, त्या कोपऱ्यात आता माझं बोइंग ७३७-८०० आहे, म्हणजे कॉम्प्युटरवरचं, सिम्युलेटरमधलं. एक मोठा मॉनिटर, हातात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पायाशी रडर पेडल्स आणि उजव्या हाताला थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या, दोन दांड्या. कामावरून आले, जेवणं झाली, मागचं आवरलं की रात्री दहाच्या पुढे मी तिथे बसते. चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला सगळ्यात जास्त जागवलं ते रिव्हर्स थ्रस्टने, उतरल्यावर वेग मारणाऱ्या इंजिनाच्या उलट्या जोराने. उडणं, वळणं, ढगातून उतरताना धावपट्टी शोधणं हे सरावाने येत गेलं. चाकं टेकल्यानंतरचे वीस-पंचवीस सेकंद मात्र काही केल्या जमेनात, कारण तेवढ्या वेळात हाताला जे करायचं असतं ते करण्याजोगी वस्तूच माझ्याकडे नव्हती.

विमानातून उतरताना तो आवाज प्रत्येकाने ऐकलेला असतो. चाकं टेकतात, क्षणभर सगळं निवांत वाटतं, मग इंजिनं एकदम गरजतात आणि अंग पुढे ओढलं जातं. पुष्कळांना वाटतं की इंजिन उलटं फिरलं. तसं काही होत नाही. इंजिन त्याच दिशेने फिरत राहतं, बदलते ती हवेची वाट. ७३७-८००च्या इंजिनात पुढच्या मोठ्या पंख्यातून येणारी बहुतेक हवा मधल्या जळत्या भागात जातच नाही. ती बाहेरून वळसा घालून मागे निघते, आणि विमान पुढे ढकलण्याचं बरंचसं काम तीच करते. रिव्हर्स ओढला की इंजिनाच्या कव्हरचा मागचा भाग, सदऱ्याची बाही सरकवावी तसा, मागे सरकतो. आत झडपा पडून हवेची नेहमीची वाट बंद होते, आणि अडलेली हवा बाजूच्या जाळीतून पुढच्या दिशेने फेकली जाते. चाकांचे ब्रेक असतातच. पण वेग जास्त असतो तेव्हा आणि धावपट्टी ओली असते तेव्हा या उलट्या हवेचा आधार फार मोठा असतो.

जुन्या ७३७-२००ला हे सगळं उघड्यावर दिसायचं. १९८६ची गोष्ट, मी आठ वर्षांची. आमच्या चाळीच्या गच्चीवरून धावपट्टीचा एक तुकडा दिसे. बाबा लोकलवर मोटरमन होते. पहाटेची ड्यूटी असली की दुपारी मोकळे, आणि मोकळे असले की मला घेऊन गच्चीवर. त्या विमानाचं इंजिन सिगारसारखं लांबट होतं. उतरल्या उतरल्या इंजिनाच्या मागे दोन अर्धगोल पत्रे येऊन एकमेकांना भिडत, दोन तळवे जुळावेत तसे. "इंजिनाने ओंजळ धरली," असं मी म्हणायचे. मग तो आवाज यायचा, डोळ्यांनी पाहिल्यावर थोड्या वेळाने. गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यासुद्धा थरथरतात असं मला वाटे. आठवणीतलं मोठं होत जातं हे मला कळतं, पण साड्यांचं मी आजही शपथेवर सांगेन.

बाबा तेव्हा म्हणाले होते, "थांबायला एवढी ताकद लावतो बघ." ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

घरच्या सिम्युलेटरवर सुरुवातीला रिव्हर्ससाठी कीबोर्डवरचं एक बटण असतं. एफ-टू दाबून धरायचं, इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीला, येतं आणि तरीही बोट उचललं नाही तर शून्याच्या खाली जातं. काम होतं. पण उतरताना उजवा हात थ्रॉटलवर असतो, डावा योकवर, मग एफ-टू दाबायचं कोणी? मी काही दिवस अंगठ्याने दाबून पाहिलं आणि धावपट्टीच्या बाजूच्या गवतात बरीच विमानं घातली.

मग एका कॉलेजच्या मुलाकडून वापरलेला थ्रॉटल क्वाड्रंट, म्हणजे दांड्यांचा संच, घेतला. तीन दांड्या. प्रत्येक दांडीला तळाशी एक खाच, तिथे हलकासा टक्क आवाज येतो, ते आयडल. जोर लावून खाचेच्या खाली ओढलं की आत एक बटण दाबलं जातं. ते बटण रिव्हर्सला जोडायचं, झालं. दोन रात्री मी खूश होते. तिसऱ्या रात्री, हजारेक फुटांवर, वेग जास्त वाटला म्हणून दांड्या मागे ओढल्या आणि हाताला खाच कळलीच नाही. तेव्हा मी सिम्युलेटरबरोबर येणारं साधं जेट उडवायचे. खरं विमान हवेत अशी आज्ञा मानत नाही. चाकं जमिनीवर आहेत किंवा जमीन अगदी दहा फुटांच्या आत आहे हे कळल्याशिवाय ७३७चा रिव्हर्सर उघडत नाही. त्या साध्या जेटने मात्र मुकाट्याने ऐकलं. वेगाचा आकडा घसरला, नाक खाली गेलं, आणि समोर जमीन.

पडद्यावरच पडलं होतं, तरी त्या रात्री मी पुन्हा बसले नाही. वाचत बसले.

२६ मे १९९१. लाउडा एअरचं बोइंग ७६७ बँकॉकहून व्हिएन्नाला निघालं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात रिव्हर्सरसंबंधीचा एक दिवा लागू लागला. वैमानिकांनी पुस्तिका काढून पाहिली. तातडीने काही करावं असं तिच्यात नव्हतं. उड्डाणाला पंधराएक मिनिटं झाली असतील, विमान अजून वर चढत होतं, आणि डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर आपोआप उघडला. काही सेकंदांत विमान हाताबाहेर गेलं आणि हवेतच तुटलं. २२३ माणसं गेली, वाचलं कोणी नाही. तोवर सगळ्यांची समजूत होती की असं झालं तरी विमान सांभाळता येईल, कारण आधीच्या चाचण्या कमी वेगाला झाल्या होत्या. उंचावर, त्या वेगाला, उलटी फेकलेली हवा पंखाची उचलच खाऊन टाकते हे त्या अपघाताने दाखवलं. त्यानंतर रिव्हर्सरच्या यंत्रणेत आणखी एक स्वतंत्र कुलूप आलं.

दुसऱ्या दिवशी मी ते बटण काढून टाकलं.

पुढचा उपाय सॉफ्टवेअरचा. सिम्युलेटरमध्ये थ्रॉटलचा अक्ष दोन तऱ्हांनी लावता येतो: ० ते १००, किंवा उणे १०० ते १००. दुसरा निवडला की दांडी पूर्ण वर म्हणजे पूर्ण ताकद, पूर्ण खाली म्हणजे पूर्ण रिव्हर्स, आणि आयडल बरोबर मधे. ऐकायला सुंदर. पण मधे हाताला काहीच लागत नाही. शून्य कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि उतरताना डोळे बाहेर असायला हवेत. शिवाय जुन्या दांडीतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडी कुठे आहे ते आकड्यात सांगणारा भाग, एका जागी स्थिर राहीना. विमान टॅक्सीवेवर गप्प उभं असताना एन-वनच्या, म्हणजे इंजिनाच्या पंख्याच्या वेगाच्या, आकड्यावर आर-ई-व्ही ही पिवळी अक्षरं लागायची, विझायची, पुन्हा लागायची. रिव्हर्सर हलतो आहे असं सांगणारी ती खूण. हात मांडीवर होते. दांडी शून्यावरच होती, पण शून्य जागेवर नव्हतं.

बाबा मागे पलंगावर बसून पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते पिवळं काय लुकलुकतंय?"

मी सांगितलं. अक्ष, पोटेन्शिओमीटर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुढे आणि मागे एकाच हँडलवर?"

"हो."

"कोणी केलं असं?"

लोकलच्या कॅबमध्ये मास्टर कंट्रोलर असतो, त्याच्या हँडलने नॉच, म्हणजे ताकदीच्या पायऱ्या, घ्यायचे, गाडी पळवायची. गाडी पुढे जाणार की मागे, हे ठरवणारा रिव्हर्सर वेगळा. त्याचं हँडल वेगळं. आणि दोघांच्या मधे लोखंडी अडसर. बाबांनी पेपरच्या कडेला पेनाने काढून दाखवलं. कंट्रोलर ऑफला असेल तरच रिव्हर्सर हलतो. रिव्हर्सर मधे असेल तर कंट्रोलर हलत नाही. १५०० व्होल्टच्या जुन्या डीसी गाड्यांवर ते शिकले, त्या गाड्या पश्चिम रेल्वेवरून २०१२ साली गेल्या, बाबा त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. हाताला मात्र सगळं आठवत होतं. बोलता बोलता उजवा हात हवेत वळत होता, डावा तळवा खाली दाबून धरलेला, डेडमन, म्हणजे हात सुटला की गाडी थांबवणारा दाब, सोडायचा नाही म्हणून.

"नॉच घेतलेला असेल तर रिव्हर्सरवर कितीही जोर लाव, हलणार नाही."

"कोडमध्ये लिहिते ना मी तसं. दांडी वर असेल तर रिव्हर्स ऐकायचाच नाही, चार ओळींचं काम आहे."

"कोडमधलं तुझ्या हाताला कळणार आहे का? अगं, जोर लावायची वेळ येते तेव्हा माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या हाताला अडवायलाच लोखंड ठेवलेलं असतं तिथे."

मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली आहेत. चुकीची आज्ञा आली की ती नाकारायची, हे मी रोज लिहिते, रोज तपासते. पण नाकारलं गेलं हे माणसाला हातातच कळायला हवं, तेही आज्ञा पूर्ण होण्याआधी, हे मला कधी सुचलं नव्हतं. नंतर ७३७च्या थ्रॉटलचे फोटो मोठे करून पाहिले तर तिथे हेच होतं. मुख्य दांड्यांच्या पुढच्या अंगाला दोन छोट्या दांड्या, बिजागरीवर बसवलेल्या. मुख्य दांडी आयडलला असेल तरच छोटी वर उचलता येते, आणि छोटी उचललेली असेल तर मुख्य पुढे जात नाही. तीस वर्षं मोटरमन राहिलेला माणूस, ज्याने कॉकपिट आतून कधी पाहिलं नाही, त्याने पेपरच्या कडेला तेच काढलं होतं.

तीन रविवार लागले. सामान फारसं नव्हतं: तीन मिलीमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, जुन्या सायकलचे दोन स्पोक, बॉलपेनमधल्या स्प्रिंगा, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दहा किलोओहमचे चार पोटेन्शिओमीटर आणि एक प्रो मायक्रो नावाचा छोटा सर्किट बोर्ड, जो यूएसबीला लावला की कॉम्प्युटरला जॉयस्टिक म्हणून दिसतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुना टॉवेल घालून बाबांनी पकड बसवली. दांडीच्या आसाला एक चकती, चकतीच्या कडेला एकच खाच. छोट्या दांडीला खाली आकडा. मुख्य दांडी आयडलला आली की खाच आकड्यासमोर येते आणि आकडा आत जाऊ शकतो. एरवी तो चकतीच्या कडेवर टेकून राहतो.

पहिली खाच मोठी झाली. दांडी आयडलच्या जरा वर असतानाही आकडा आत शिरत होता, जेमतेम दोन मिलीमीटरचा खेळ. मला चाललं असतं. बाबांनी ती चकती बाजूला ठेवली आणि नवी कापायला घेतली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जवळचं बारीक दिसायला त्रास होतो, म्हणून ते कानस फिरवत आणि मधे मधे खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवून बघत. नख अडलं की पुन्हा कानस. टेबललॅम्पच्या उजेडात अ‍ॅल्युमिनियमचा कीस त्यांच्या मनगटावरच्या पांढऱ्या केसांत चमकत होता. शेवटी आकडा घातला, बसला, टक्क. बाहेर काढला, दांडी केसभर पुढे केली, पुन्हा घालून पाहिला. नाही गेला. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला आणि म्हणाले, "लाव जोर." मी लावला. नाहीच गेला.

माझ्या वाट्याला आकडे होते. पोटेन्शिओमीटर ० ते १०२३ सांगतो. मुख्य दांडीला अक्षाचा वरचा अर्धा भाग दिला, छोटीला खालचा, दोघींची गाठ मधे ५१२ला. हात न लावताही आकडे तीन-चारने हलतात, म्हणून दर वेळी सोळा वाचनांची सरासरी, आणि मधल्या शून्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधराची मोकळी पट्टी, जिथे काहीच घडत नाही. पिवळी अक्षरं लुकलुकायची थांबली. आणि त्या चार ओळीही मी लिहिल्याच. मुख्य दांडी आयडलच्या वर असेल तर रिव्हर्सचा आकडा पुढे जाऊ द्यायचा नाही.

बाबांना सांगताना वाटलं होतं, लोखंड असताना कोड कशाला म्हणतील. मी त्यांना लाउडाची हकीकत वाचून दाखवली होती. ती ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले होते, "म्हणजे हाताने काही केलंच नव्हतं." त्यामुळे या वेळी नुसतं म्हणाले, "राहू दे. दोन असलेली बरी."

एक गोष्ट अजून राहिली आहे. खऱ्या ७३७त छोटी दांडी उचलली की ती आधी एका जागी अडते. इंजिनावरची बाही पुरेशी मागे सरकली की मगच अडसर निघतो आणि पूर्ण रिव्हर्स घेता येतो. दार उघडण्याआधी हवेचा जोर त्याच्यावर येऊ नये म्हणून. आमच्याकडे त्या जागी स्प्रिंगवर बसवलेली एक छर्‍याची गोळी आहे, तिचा नुसता उंचवटा लागतो. वाट मी बघायची, पिवळ्या आर-ई-व्हीचं हिरवं होईपर्यंत, म्हणजे रिव्हर्सर उघडेपर्यंत. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांनी एक लहान सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारी खीळ, आणून ठेवला आहे.

दांडी झाल्यावर मला एक जुनी बातमी पुन्हा वाचावीशी वाटली. २२ मे २०१०, मंगळूर, दुबईहून येणारं एअर इंडिया एक्सप्रेसचं ७३७-८००. धावपट्टी डोंगराच्या माथ्यावर, २,४५० मीटरची, आणि विमान निम्म्याहून जास्त धावपट्टी मागे टाकून टेकलं. कॅप्टनने रिव्हर्स घेतला. मग सेकंदांतच पुन्हा उड्डाण करायचा प्रयत्न केला. १६६पैकी आठ जण वाचले. बोइंगचा नियम स्पष्ट आहे: एकदा रिव्हर्स उघडला की थांबायचंच, परत उडायचं नाही. कारण उघडलेली दारं मिटायला वेळ लागतो, आणि दोन्ही मिटतीलच याचा भरवसा नसतो. हा नियम मी आधीही वाचला होता. पण बटणाच्या काळात तो नुसता वाचलेला होता, कारण बटण परत दाबलं की रिव्हर्स गेला. आता छोटी दांडी वर असताना मुख्य दांडीवर हात ठेवला की ती हलत नाही. परत उडायचं तर आधी छोटी पूर्ण खाली, मग आकडा सुटणार, मग मुख्य पुढे. त्या धावपट्टीवर तेवढी जागा नव्हती. हे मला मनगटात कळलं. तो प्रसंग मी सिम्युलेटरवर कधी उडवला नाही आणि उडवणार नाही. तिथे खरी माणसं होती, घरी निघालेली.

पहिलं नीट उतरणं जुलैमधलं. पडद्यावर मुंबई, धावपट्टी २७, पाऊस. बाहेरही पाऊसच. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. घाटकोपर, कुर्ला खालून गेलं, वेग १४० नॉटच्या आसपास. उंची फुटांत पन्नास, तीस, वीस, दहा. दांड्या मागे, आयडलची टक्क दोन्ही तळव्यांत नाही, एकाच उजव्या हाताच्या चार बोटांत. चाकं टेकली, पंखांवरच्या पाट्या उचलणारा स्पीडब्रेकचा लिव्हर पडद्यावर स्वतःहून मागे गेला. बोटं पुढे नेऊन छोट्या दांड्या उचलल्या. आकडे बसले. गोळीचा उंचवटा लागला, थांबले. पिवळं. पिवळं. हिरवं, आणि मग दुसरंही हिरवं. ओढलं. स्पीकरमधून तो आवाज आला, आणि काचेवरचं पाणी खाली ओघळायचं सोडून तिरपं धावू लागलं. ८०. ६०ला दांड्या हळूहळू उंचवट्यापर्यंत खाली, आवाज उतरला. टॅक्सीचा वेग आल्यावर पूर्ण खाली. टक्क.

बाबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "साठला का सोडलास?"

मी सांगितलं की वेग कमी झाला की त्या हवेचा उपयोग उरत नाही. उलट धावपट्टीवरची माती, खडे उडून इंजिनात जायची भीती. त्यांनी मान हलवली. गाडी फलाटात घेताना शेवटच्या दोन डब्यांत ब्रेक हलका करत न्यावा लागतो, नाहीतर उभी माणसं पडतात, एवढं म्हणाले आणि झोपायला गेले.

त्यानंतर एका रात्री मी सिम्युलेटर बंद करून दिवा मालवला होता. खिडकी उघडी होती, पाऊस थांबलेला. लांबून गर्जना आली, खरी, २७वर कोणीतरी उतरलं होतं. बाबा जागेच होते. अंधारात पलंगावरून त्यांचा आवाज आला, "हिरवं झालं." गर्जना चढली, भरली, थोडा वेळ तशीच राहिली. मग एकदम उतरली.

"साठ," बाबा म्हणाले.